खोल सागरतळावर ऋतू पोहोचतात का?

प्रश्न

चार हजार मीटर खोलीवर सूर्यप्रकाश मुळीच पोहोचत नाही आणि पाण्याचे तापमान वर्षभर दोन-तीन अंश सेल्सियसच्या आसपास राहते. तरीही तेथील काही प्राण्यांच्या जीवनात ऋतुमान दिसते, असे वाचनात आले. वरच्या पाण्यातील वनस्पतिप्लवकांचा (तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा) बहर ओसरला की त्याचे अवशेष खाली बसतात, हे समजले. परंतु एवढे अंतर कापेपर्यंत ते वाटेतच खाल्ले जात नाहीत का? आणि तळाशी पोहोचलेच, तर तेथील जीवांवर त्यांचा परिणाम नेमका कसा दिसतो?

उत्तर १

बहुतेक अन्न वाटेतच संपते, ही आपली शंका रास्तच आहे. पृष्ठभागी तयार झालेल्या सेंद्रिय कार्बनपैकी साधारण एक टक्का, पुष्कळदा त्याहूनही कमी, एवढ्या खोलीवर उतरतो. जे उतरते ते वेगामुळे. सुटी पेशी अत्यंत संथपणे बुडते; मात्र बहराच्या अखेरीस पेशी चिकट स्रावामुळे एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात आणि हे पुंजके दिवसाला शंभर मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने खाली जात असल्याने काही आठवड्यांतच तळ गाठतात. सॅल्प या पारदर्शक प्राण्यांची विष्ठा तर याहून कितीतरी वेगाने बुडते.

खाली वर्षभर सारखीच भुरभुर चालू असते, असे पूर्वी मानले जाई. सारगासो समुद्रात ३२०० मीटरवर लावलेल्या, वरून पडणारे कण गोळा करणाऱ्या गाळसापळ्यांनी १९८० साली, आणि आयर्लंडच्या नैर्ऋत्येला तळावर सापडलेल्या ताज्या हिरवट थराने १९८३ साली, हा ओघ ऋतूनुसार बदलतो हे दाखवून ही समजूत मोडली. अर्थात सर्वत्र वसंतातील बहरच कारणीभूत असतो असे नाही: अरबी समुद्रात नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांच्या काळात अन्नाचा ओघ वाढतो.

उत्तर २

परिणामांविषयी लिहितो. सर्वांत चपळ प्रतिसाद सूक्ष्म जीवांचा असतो. जिवाणूंची क्रिया वाढते, आणि फोरॅमिनिफेरा या कवचधारी एकपेशीय जीवांपैकी ‘एपिस्टोमिनेला एक्झिग्वा’सारख्या जाती त्या मऊ थरातच राहून झपाट्याने वाढतात. समुद्रकाकड्या तळावर फिरून ताजा माल वेचून खातात, त्यामुळे त्यांच्या आतड्यांत हरितद्रव्य सापडते.

मला स्वतःला सर्वाधिक रोचक वाटते ते प्रजनन. ईशान्य अटलांटिकमधील रॉकॉल ट्रफ या खोलगट भागात ‘ओफियुरा लुंगमानी’ हा ब्रिटल स्टार (तारामाशासारखा, लांब बारीक भुजांचा प्राणी) आणि ‘एकिनस अफिनिस’ ही काटेरी सागरी अर्चिन वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत अंडी सोडतात. अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या अळ्यांना स्वतः अन्न मिळवावे लागते. म्हणूनच पुढे येणाऱ्या अन्नाच्या लाटेशी या वेळापत्रकाचा मेळ बसलेला दिसतो.

प्रश्नकर्ता

म्हणजे तळावरील बहुतेक प्राणी याच वेळापत्रकाने चालतात, असे समजावे का?

उत्तर ३

तसे समजू नये. अभ्यासलेल्या खोल समुद्रातील जातींपैकी बहुसंख्य जातींमध्ये ऋतुनिष्ठ प्रजनन आढळत नाही. त्यांपैकी पुष्कळ जाती थोडी, मोठी, बलकयुक्त अंडी देतात, आणि त्या पिलांची सुरुवातीची भिस्त अंड्यातील बलकाच्या शिदोरीवर असल्याने बहराची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

दुसरे असे की, ऋतूंतील फरकापेक्षा वर्षावर्षांतील फरक कधी कधी फार मोठा असतो. ईशान्य अटलांटिकमधील पॉर्क्युपाइन ॲबिसल प्लेन या सुमारे ४८५० मीटर खोलीच्या मैदानावर १९९६च्या सुमारास ‘ॲम्पेरिमा रोझिया’ ही लहानशी समुद्रकाकडी, जी आधी क्वचितच दिसे, शेकडो पटींनी वाढली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे ४००० मीटर खोलीवरील ‘स्टेशन एम’ येथे १९८९पासून नोंदी ठेवल्या जात आहेत. तेथेही २०११ व २०१२मध्ये डायटम (एक प्रकारचे वनस्पतिप्लवक) आणि सॅल्प यांचे अवशेष मोठ्या प्रमाणात तळावर उतरले. ॲम्पेरिमाच्या बाबतीत अन्नाच्या प्रमाणापेक्षा त्याचा दर्जा निर्णायक ठरला असावा, असे एक पटण्याजोगे मत आहे, कारण प्रजननासाठी लागणारी कॅरोटिनॉइडे (पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये) या प्राण्यांना आहारातूनच मिळवावी लागतात आणि ती कोणत्या प्लवकाचा बहर आला त्यावर अवलंबून असतात.