अनुभव: अंकल स्क्रूजची काठी अन् गेलेली लाइन

पऱ्हाटीवाला:
परवा पुतण्या पुण्याहून आला. त्याच्याकडं डिस्नेच्या जुन्या गेम्सचा २०१७ मध्ये आलेला संच आहे. त्यात 'डकटेल्स' दिसला! अंकल स्क्रूज बदकाचा, कॅपकॉम कंपनीचा, १९८९चा, आपण कॅसेटवर खेळायचो तोच. पोट्टा मेला की एक बटण दाबून खेळ मागे नेते अन् परत जिवंत! मी पाहतच राहिलो.
आम्हाले तूर विकल्यावर बाबांनी गेम आणला होता. ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेची खाण, हिमालय, चंद्र. कुठूनही सुरू करा, पण मधात थांबून पुढं उद्या खेळू म्हणायची सोय नाही. पासवर्डही नाही. एकदा दादा पार शेवटच्या ड्रॅक्युला बदकापर्यंत पोचला अन् लाइन गेली. आईनं कंदील आणला तरी रिमोट हातातच होता त्याच्या.
तुमचं सांगा.

सेलूची लेक:
तो बर्फ!! खाली दाबून बटण दाबायचं अन् काठीवर उड्या मारायच्या, बाकी सगळीकडं हे जमायचं. हिमालयात काठी बर्फात रुतून अंकल अडकायचा. मी रडली होती त्यापायी.
टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. कार्टूनमधला निळा कोट गेममध्ये लाल आहे, हे लग्नानंतर कळलं. धाकटी तर शपथेवर सांगायची की हिरवा आहे.

झाडीपट्टी:
घरी कुठचा गेम. बाजाराच्या दिवशी एका काकांच्या दुकानात, रुपयाले दहा मिनिटं. खेळणारा एक, मागे पंधरा जण उभे. खाणीची किल्ली ट्रान्सिल्व्हेनियात सापडते हे एकाच पोट्ट्याले माहीत होतं. त्याले सगळे आपला रुपया द्यायचे.

भुईमूग:
आमच्याकडं चिप अन् डेल या खारींचा गेम होता. दोघं खेळले तर एकमेकाले उचलून फेकता येते. ताईनं मले खड्ड्यात फेकलं ते मी अजून विसरलो नाही, दर भाऊबीजेले काढतो 😄

सेलूची लेक:
@भुईमूग ताईची बाजू ऐकायची आहे

मोटारपंप:
कॅसेट फुंकणाऱ्यांनो, तोंडाची ओल लागून पिना गंजतात. खोडरबर हलकं घासा, मग कापडानं पुसा. माझी अजून चालते. अडॅप्टर मात्र तीनदा जळला. रात्री व्होल्टेज इतकं कमी की चित्र आडवं पळायचं.

बोरीवाली:
पऱ्हाटीवाला भाऊ, गाव कोणतं? माझं माहेर बोरी अरब.

पऱ्हाटीवाला:
दारव्ह्याच्या अलीकडं, ताई. म्हणजे शेजारीच की आपण!

बोरीवाली:
अगो बाई. शकुंतला रेल्वेत बसून मूर्तिजापूरले मावशीकडं जायचो आम्ही. मावसभावाकडं हाच गेम होता. गेममधली मिसेस बीकली वरून आइस्क्रीम टाकायची, तेवढंच आठवते. गाडी बंद झाली याचं लय वाईट वाटते.

झाडीपट्टी:
शकुंतलेवर वेगळा धागा काढा कोणी, मी येतो.

मोटारपंप:
कापूस निघाला का कोणाचा? आमचा पाऊस थांबूनच नाही राह्यला.

पऱ्हाटीवाला:
पहिली वेचणी झाली, भाऊ. भिजला थोडा.
अन् ऐका, काल दादाले फोन लावला. जिनिंगवर होता, मागं मशीनचा आवाज. म्हटलं डकटेल्स सापडला. हो नाही, नाही नाही, एकदम म्हणाला, "बर्फात थांबून उडी घेजो, काठीनं नको." मग म्हणे त्या पोराले सांग, ते मागे न्यायचं बटण मी आल्यावर लावू नको. शनिवारी येऊन राह्यला.