भांडुप-मुलुंड भागात ओल, रंगकाम, वायरिंग आणि किरकोळ दुरुस्तीसाठी माफक दरातील भरवशाचे कारागीर कसे निवडावेत?

भांडुपवासी

नमस्कार. भांडुप पश्चिमेला आमची एक बेडरूमची सदनिका आहे. इमारत चार मजली आणि तीस वर्षांहून जुनी असून आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. यंदाच्या पावसात हॉलच्या पश्चिमेकडील भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटू लागले आणि बाथरूमच्या छतावरही पिवळसर डाग पसरला आहे. दिवाळीपूर्वी संपूर्ण घराला रंग द्यावा, अशी सासूबाईंची मनापासून इच्छा आहे. दोन रंगाऱ्यांना घर दाखवले. त्यांनी सांगितलेल्या रकमांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. मात्र भिंतीला वॉटरप्रूफ पुट्टी लावली की ओल थांबेल, याविषयी दोघांचेही एकमत आहे. याखेरीज वायरिंग जुने झाले असून गिझर सुरू असताना मिक्सर लावला की फ्यूज उडतो. आमचे अंदाजपत्रक मर्यादित आहे. कामांचा क्रम कसा लावावा, कोणते काम नाक्यावरच्या कारागिराकडून करून घेता येईल आणि कुठे पैसे वाचवू नयेत, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुलुंडकर

ताई, रंगाऱ्याला तूर्त थांबवावे, असे मी आग्रहाने सुचवेन. मुंबईतून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो आणि चार महिने पाणी प्यायलेली भिंत त्यानंतर लगेच कोरडी होत नाही. अशा भिंतीवर पुट्टी चढवली की आतली ओल क्षार घेऊन बाहेर येते आणि पुढच्या वर्षी तेच पोपडे पुन्हा सुटतात. शिवाय दिवाळीच्या तोंडावर रंगाऱ्यांना उसंत नसते, त्यामुळे दर चढे असतात आणि दोन हातांमध्ये रंग सुकायला हवा तेवढा वेळ दिला जात नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा रंगकामाला सर्वांत चांगला काळ आहे. सासूबाईंसाठी यंदा देवघराची कोरडी भिंत आणि दरवाजे रंगवून घ्यावेत. सणही साजरा होईल.

मात्र आता, पाऊस सुरू असतानाच करायचे एक काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. ते म्हणजे पाणी नेमके कुठून येते, हे शोधणे. हॉलची ओल मुसळधार पावसानंतर वाढते आणि उघडीप मिळाली की ओसरते, असे दिसल्यास दोष बाहेरच्या भिंतीचा आहे. पश्चिमेची भिंत वाऱ्यापावसाचा मारा थेट सोसते. तिथला गिलावा तडकलेला असेल, खिडकीवरच्या छज्जाचा उतार आतल्या बाजूला झाला असेल किंवा बाहेरच्या पाइपाजवळ पिंपळ रुजला असेल, तर आतून कितीही महाग रसायन लावले तरी उपयोग होत नाही.

बाथरूमच्या छताचे गणित वेगळे आहे. वरच्या घरात आंघोळी आटोपल्यावरच छत ओलावत असेल, तर नहाणी ट्रॅपचा (मोरीच्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याचा) सांधा किंवा टाइल्समधील फटी संशयास्पद ठरतात. वापर असो वा नसो, थेंब सतत पडत असतील तर भिंतीत गाडलेली पाण्याची नळी गळत असण्याची शक्यता अधिक आहे. वरच्या शेजाऱ्यांना विनंती करून एका सुटीच्या दिवशी त्यांच्या बाथरूमकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि थेंब थांबतात का, ते पाहावे. दुसऱ्या वेळी नहाणी ट्रॅप बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवावे. त्या पाण्यात थोडा खाण्याचा रंग मिसळल्यास खाली उतरणारे पाणी कुठले, हे ओळखता येते. कारण केवळ टाइल्सच्या सांध्यांत असेल, तर जुने पांढरे सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारे सांधे भरण्याचे मिश्रण) भरणे पुरेसे ठरू शकते आणि संपूर्ण लादी फोडून नव्याने ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) करण्याचा मोठा खर्च टळतो. कारण ठाऊक नसताना बोलावलेला कारागीर बहुधा त्याला येत असलेलेच काम सुचवतो.

घाटकोपरकर

रकमांतील तफावतीविषयी थोडे लिहितो. एक रंगारी जमिनीच्या क्षेत्रफळावर दर सांगतो आणि दुसरा भिंतींच्या, म्हणून आधी दोघांची मापे समान करून घ्यावीत. दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली घेतल्यास जमीन 120 चौरस फूट भरते, पण चार भिंती 396 आणि छत 120 मिळून रंगवायचे क्षेत्र 516 चौरस फूट होते. त्यातून दरवाजे-खिडक्या वजा करणार का, पुट्टीचे किती हात, प्रायमर कोणता, रंगाचे किती हात, सामान कोणाचे आणि फर्निचर झाकून शेवटी साफसफाई कोण करणार, हे सारे कागदावर लिहून घ्यावे. बहुतेक वेळा कमी दर सांगणाऱ्याने प्रायमर किंवा एक हात गाळलेला असतो. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. सामान आल्यावर काही, पुट्टी घासून झाल्यावर काही आणि उरलेली रक्कम उजेडात सर्व भिंती पाहून झाल्यावर द्यावी. कारागिराची मजुरी मात्र ठरल्या दिवशी हातात पडलीच पाहिजे. नाक्यावर रोजंदारीसाठी उभ्या राहणाऱ्या माणसाचे घर त्या दिवसाच्या पैशांवर चालते, आणि वेळेवर पैसे देणाऱ्या घरी चांगला कारागीर पुढच्या वेळीही येतो.

वायरिंगमध्ये मात्र अजिबात काटकसर करू नये. वायरमनचा सरकारी परवाना असलेल्या माणसालाच बोलवावे. गिझरसाठी थेट बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हवा. मिक्सर त्याच सर्किटवर ठेवू नये. जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी आणि त्यांच्या जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखणारा स्विच) बसवला तर विजेचा धक्का लागल्यास पुरवठा क्षणात तुटतो. अर्थिंग नीट आहे ना, हे त्याच वेळी तपासून घ्यावे. सामान स्वतः आणायचे असल्यास क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत एक फेरी मारावी. तिथे वायर, स्विच आणि दिव्यांची निवड भरपूर आहे. आयएसआय चिन्ह पाहून पक्के बिल घ्यावे.

नळाचा वॉशर, फ्लश टाकी, दरवाजाची बिजागरी अशा किरकोळ कामांसाठी अ‍ॅपपेक्षा आपल्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानदाराला विचारावे, असे माझे मत आहे. कोणाच्या कामाची तक्रार आली आणि कोणाची नाही, हे त्याला नेमके ठाऊक असते. एसीच्या सर्व्हिसिंगसाठी आणि वाळवीच्या उपचारासाठी मात्र लेखी हमी देणारी संस्था बरी.

भांडुपवासी

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. हॉलच्या भिंतीवर लक्ष ठेवले असता मोठ्या पावसानंतरच ओल वाढते, असे स्पष्ट दिसले. बाहेरच्या भिंतीचा खर्च आम्हीच करावा, असे सोसायटीच्या सचिवांचे म्हणणे आहे. हे योग्य आहे का?

मुलुंडकर

योग्य नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्यासह बाहेरून होणारी गळती आणि सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेने करायचा असतो. सदनिकेच्या आतील बाथरूम किंवा मोरीतून होणारी गळती ही त्या सभासदाची जबाबदारी असते. त्यामुळे छायाचित्रे आणि पावसाच्या तारखांसह लेखी अर्ज द्यावा व त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. इमारत तीस वर्षांहून जुनी असल्याने मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353ब प्रमाणे संरचनात्मक तपासणीही बंधनकारक आहे. ती झाली आहे का, हे त्याच अर्जात विचारावे, कारण बाहेरच्या तड्यांची नोंद त्या अहवालात असेल तर संस्थेला दुरुस्ती टाळणे कठीण जाईल.

वरच्या शेजाऱ्यांशी मात्र आधी चहा घेऊन बोलावे आणि पत्र नंतर द्यावे. त्यांची लादी फोडावीच लागली, तर संस्थेला आगाऊ कळवून कामाची वेळ ठरवावी. जुन्या लादीवरच नवी बसवण्याचा स्वस्त पर्याय कंत्राटदार सुचवेल. जुन्या स्लॅबवर तो भार वाढवू नये. निघालेला राडारोडा गोण्यांत भरून ठेवावा आणि तो उचलण्यासाठी वॉर्ड कार्यालयातून महापालिकेच्या 'डेब्रिज ऑन कॉल' सेवेची चौकशी करावी. त्याचा खर्च आल्यास तो कोण देणार, तेही काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्यावे.