भारतातले बर्मी निर्वासित भारताच्याच म्यानमार धोरणाला विरोध करतात तो कसा?

कोकणकडा
आमच्या वाचनगटात म्यानमारवर चर्चा ठेवली आहे. १९८८च्या उठावानंतर पळून आलेल्या विद्यार्थ्यांना भारताने आसरा दिला आणि पुढे लष्करशहांसाठीच पायघड्या घातल्या, इतपत माहीत आहे. दिल्लीतले बर्मी लोक याला विरोध करतात म्हणे. पण मत नाही, पासपोर्ट नाही, मग जंतरमंतरवर फलक धरण्यापलीकडे त्यांच्या हातात काय उरतं? आणि शस्त्रनिर्यातीचे आकडे माहिती अधिकारात मिळतील का?

ईशान्यवाट
पायघड्या एका दिवसात पडल्या नाहीत. १९९३ मध्ये परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित रंगूनला (आताचं यांगून) गेले, तिथून वळण. ईशान्येतल्या बंडखोरांचे सीमेपलीकडचे तळ आणि चीनची धास्ती ही तेव्हाची कारणं. नैसर्गिक वायूचं आकर्षण नंतर आलं. १९९५ मध्ये मिझोरामच्या सीमेवर दोन्ही लष्करांची 'गोल्डन बर्ड' मोहीम चालू असतानाच लष्करशाहीविरोधी नेत्या आँग सान सू ची यांना भारताचा नेहरू पुरस्कार जाहीर झाला आणि बर्मी लष्कराने अंग काढून घेतलं. साउथ ब्लॉक, म्हणजे परराष्ट्र मंत्रालय, हे विसरलं नाही, असं माझं मत.

दरबारात आपला माणूस असून भागत नाही, याचं उदाहरण जॉर्ज फर्नांडिस. मुंबईच्या कामगार चळवळीतला हा नेता. दिल्लीत ३, कृष्ण मेनन मार्ग इथे त्यांच्या घरीच बर्मी विद्यार्थ्यांचा मुक्काम असे. मार्च १९९८ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले. त्याच्या महिनाभर आधी अंदमानच्या लँडफॉल बेटावर भारतीय लष्कराच्या 'ऑपरेशन लीच'मध्ये म्यानमारच्या अराकानी आणि कारेन जमातींचे लोक शस्त्रतस्कर म्हणून पकडले गेले होते. आपण भारतीय गुप्तचरांनाच मदत करत होतो, असं पकडलेल्यांचं म्हणणं. फर्नांडिस मंत्री होऊनही त्यांच्यातले ३४ जण सुटायला २०११ उजाडलं.

वकीलवाडा
फलक धरण्याबद्दल. अनुच्छेद १९ मधलं भाषण आणि सभेचं स्वातंत्र्य फक्त नागरिकांना आहे. परकीयांना १४ आणि २१ लागू, म्हणजे समानता आणि जीवित. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं) कार्ड म्हणजे राहण्याचा परवाना नव्हे. म्हणून पोलिसांकडचा अर्ज भारतीय संघटनेच्या लेटरहेडवर, भारतीय संयोजकाच्या सहीने जावा. बर्मी नावाने अर्ज गेला की पहिली चौकशी व्हिसाची होते.

न्यायालयात धोरणाला आव्हान देऊ नका, टिकत नाही. एकेका माणसाचा जीव वाचवायची याचिका टिकते. ३ मे २०२१ रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना यूएनएचसीआरकडे जाण्यासाठी दिल्लीपर्यंत सुरक्षित वाट द्यायला सांगितलं, ते अनुच्छेद २१ वरच. ऑपरेशन लीचवाल्यांसाठी लढलेल्या वकील नंदिता हक्सर यांचीच ती याचिका.

आकडेमोड
माहिती अधिकार कलम ३ प्रमाणे नागरिकांपुरता, तेव्हा अर्ज तुम्हीच करायचा. बहुतेक जण तो परराष्ट्र मंत्रालयाला पाठवतात आणि "म्यानमारला शस्त्रं का दिली?" असं विचारतात. तिथेच फसतं. 'का' हा अभिलेख नाही, उत्तर देणं बंधनकारक नाही. वर कलम ८(१)(अ), परराष्ट्रसंबंध, हे आयतं कोलीत मिळतं.

अर्ज संरक्षण उत्पादन विभागाकडे टाका. स्कोमेट यादीतल्या (निर्यातीला परवाना लागणाऱ्या संवेदनशील वस्तूंच्या यादीतल्या) सहाव्या गटाचे, म्हणजे लष्करी साहित्याचे, निर्यात परवाने तिथून निघतात. मागायचं एवढंच: म्यानमारसाठी वर्षवार किती परवाने दिले, किती नाकारले, एकूण किंमत किती. कंपनीचं नाव मागू नका, म्हणजे व्यापारी गोपनीयतेचं ८(१)(ड) लावता येत नाही. शेवटी एक ओळ: "काही भाग देता येत नसेल तर कलम १० प्रमाणे उरलेला द्यावा." फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं. नकाराचं पत्रही जपून ठेवा. एखादा खासदार संसदेत अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न विचारायला तयार झाला तर तोच मसुदा कामी येतो.

वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात डेटा बँकेत देशनिहाय रकमा फुकट दिसतात. लोक ९३ वा अध्याय (शस्त्रं-दारूगोळा) उघडतात, किरकोळ आकडा पाहून बंद करतात. पण रडार ८५२६ या मालाच्या संकेतांकाखाली येतं! संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या मे २०२३ च्या अहवालात फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर भारतातून म्यानमारला गेलेल्या लष्करी मालाचा आकडा ५.१ कोटी डॉलर आहे. तो डेटा बँकेशी ताडताना लक्षात ठेवा, आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. आणि खासगी विक्रेत्याकडून शिपिंग बिलांचा तपशील घेऊन तसाच छापू नका. सीमाशुल्क कायद्यात २०२२ पासून कलम १३५ एए आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कोकणकडा
हे फारच कामाचं. पण मग या लोकांचा दाब कुठेच चालला नाही का?

ईशान्यवाट
सरकारवर फारसा नाही. १८ जून २०२१ च्या संयुक्त राष्ट्र आमसभेच्या म्यानमारवरच्या ठरावावर भारत तटस्थ, डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेतही चीन-रशियाबरोबर तटस्थच.

पैशावर मात्र चालला. अदानी पोर्ट्सचं यांगूनमधलं टर्मिनल लष्कराच्या म्यानमार इकॉनॉमिक कॉर्पोरेशनकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर होतं. ऑस्ट्रेलियातले मानवाधिकार वकील आणि म्यानमारचे कार्यकर्ते यांनी मिळून त्या भाडेपट्ट्याचे कागद मार्च २०२१ मध्ये चव्हाट्यावर आणले, त्याच महिन्यात अमेरिकेने त्या कॉर्पोरेशनवर निर्बंध घातले, जूनमध्ये नॉर्वेच्या केएलपी पेन्शन फंडाने शेअर काढून टाकले. मे २०२३ मध्ये कंपनीने ते टर्मिनल ३ कोटी डॉलरला विकलं. साउथ ब्लॉकला पाठवलेल्या निवेदनाची पोचसुद्धा येत नाही, पेन्शन फंडाला मात्र आपल्या सभासदांना उत्तर द्यावं लागतं.

दुसरी जागा मिझोराम. १० मार्च २०२१ रोजी केंद्राने सीमेवरच्या राज्यांना पत्र पाठवलं, लोंढे अडवा, परत पाठवा. आठवड्याभराने तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना कळवलं की हे जमणार नाही. म्यानमारमधले चिन आणि मिझो एकाच रक्ताचे, आणि मिझोंना मत आहे. तिथे तीस हजारांहून जास्त लोक राहिले. दिल्लीच्या विकासपुरीत राहणाऱ्या चिन कुटुंबांचा नातेवाईक दिल्लीच्या मतदारयादीत नाही.