मदत हवी आहे: गावातल्या सत्रासाठी द्वेषाच्या प्रचाराचं जवळचं उदाहरण कोणतं घ्यावं?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात दीड तासाचं सत्र घ्यायचंय: द्वेषाचा राजकीय प्रचार साध्या माणसाला पटतो कसा? येणारे बहुतेक सोयाबीन-कापूसवाले, बचत गटाच्या बाया. प्रोजेक्टर नाही, लाइटीचा भरवसा नाही.

मांडणी जर्मनीवर आहे. नाझी पक्षाला १९२८ ला २.६ टक्के मतं, १९३० ला १८.३, जुलै १९३२ ला ३७.३. मधल्या काळात शेतमालाचे भाव पडले, कर्जापायी शेतांचे लिलाव झाले. दुखणं खरं होतं, गुन्हेगार म्हणून दाखवलेला ज्यू तेवढा खोटा. इथवर माना डोलतात, मग "ते तिकडचं" म्हणून लोक मोकळे. व्हॉट्सॲपचा खोटा मेसेज वाचून खोडला तर खुलासा विसरतो, मेसेज तेवढा लक्षात राहतो. शिवाय पाठवणारा समोरच बसलेला!

रझाकारांचं उदाहरण घरचं, पण चर्चा लगेच आजच्या शेजाऱ्यावर घसरते. चालू पक्षांची नावं घ्यायची नाहीत, ही वाचनालयाची अट.

खऱ्या दुखण्यावरून खोट्या शत्रूकडे नेणारी पायरी लोकांनी स्वतः ओळखावी, यासाठी कुठल्याच समाजाकडे बोट न जाणारं इथलं उदाहरण आहे का? की काल्पनिक पक्षाचं पत्रक त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं? कुणी तसं घेतलं असेल, तर गट किती जणांचे केले आणि शत्रू कोण ठरवला?