सोसायटीत कुत्र्याला लिफ्टबंदी, काय करता येईल?

शेरूची आई:
पुण्यात राहतो, सातवा मजला, स्वतःचा फ्लॅट. परवाच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला की कुत्रे लिफ्टमधून न्यायचे नाहीत, जिन्याने न्या, आणि पाळीव प्राण्यामागे दरमहा वेगळा मेंटेनन्स. आमचा शेरू तेरा वर्षांचा आहे, मागचे पाय धरतात, त्याला सात मजले चढवणं शक्यच नाहीये. महापालिकेचा परवाना आहे, रेबीजची लस दरवर्षी देतो. कमिटी म्हणते बहुमताने झालंय, आता काही होणार नाही. खरंच काही नाही का करता येणार?

वकील_सातारा:
येणार की. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना डाउनलोड करा, त्यात स्पष्ट आहे की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. फक्त एकापेक्षा जास्त लिफ्ट चालू असतील तर दुसरी वापरा असं सुचवता येतं. केरळ हायकोर्टानेही २०२१ मध्ये बंदी घालणारे असे नियम बेकायदा ठरवलेत, तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही पण दाखवायला उपयोगी पडतो. तोंडी वाद अजिबात नको. सेक्रेटरीला पत्र द्या, सोबत परवाना, लसीचं कार्ड आणि डॉक्टरांकडून पायांबद्दल दोन ओळी, आणि पोच शिक्क्यासह घ्या. नाहीच ऐकलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार.

शेरूची आई:
दुसरी लिफ्ट आहे हो, पण ती कायम बंदच असते.

वकील_सातारा:
मग पत्रात तेच लिहा, 'ती चालू ठेवा, आम्ही तीच वापरू'. सूचनेतला 'चालू' हा शब्द तुमच्याच बाजूचा आहे.

कोथरूडकर:
कायदा बरोबर आहे पण एक सांगू का, ठराव कोणी आणला ते आधी बघा. माझ्या मुलीला लहानपणी कुत्रा चावला होता, ती अजूनही लिफ्टचं दार उघडलं आणि आत कुत्रा दिसला की रडायला लागते. आमच्या शेजाऱ्यांनी स्वतःहून सांगितलं की तुम्ही असाल तर आम्ही थांबू, पुढची लिफ्ट घेऊ, आणि पट्टा कायम आखूड धरतात, त्यांच्याविरुद्ध मी कधीच मत दिलं नसतं. पत्रासोबत तुम्ही हेही लिहून द्या.

निवृत्त_सेक्रेटरी:
कमिटीत बरीच वर्षं काढली म्हणून सांगतो, भांडणं भुंकण्यावरून कमी आणि घाणीवरून जास्त होतात. लिफ्टमध्ये एकदा लघवी झाली की पुढचं वर्षभर तोच विषय. म्हाताऱ्या कुत्र्याला धरवत नाही हे आपल्याला कळतं, इतरांना नाही. बाहेर काढताना डायपर घाला, पिशवी आणि जुना टॉवेल हातात दिसू द्या. आणि तो जादा मेंटेनन्स भरू नका, भरलात की मान्य केलंत असं होतं, नेहमीचा मात्र वेळेवर भरा म्हणजे थकबाकीदार म्हणून अडकवता येणार नाही.

शेरूची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. चौथ्या मजल्यावरच्या आजींना भीती वाटते असं कळलं, संध्याकाळी आधी त्यांच्याकडे जाते, शेरूला घरी ठेवून. सोमवारी पत्र देते. कुत्र्यांच्या डायपरचा साइज कसा बघायचा, कंबर मोजायची की वजनावरून?

निवृत्त_सेक्रेटरी:
कंबर मोजा. नर आहे ना, मग नुसता पोटाचा पट्टा मिळतो तो घ्या, त्याला सोपा पडेल.