सुपरचार्जरवाली जुनी मर्सिडीज एसएलके, पॉवर वाढवाची आहे, पुली बदलू का?

रुईवाला_दारव्हा

रामराम मंडळी. प्रश्न जरा येगळा आहे, हसू नका. मायाकडे २००६ ची एसएलके २०० कॉम्प्रेसर आहे, दोन सीटची, टप घडी होऊन डिक्कीत जाते ते. सेकंडहॅन्ड आणली मुंबईहून. गाव दारव्ह्याजवळ, गावात तिले 'बिनटपाची' म्हणतात अन् बाबूजी म्हणतात का एवढ्या पैशात चांगला ट्रॅक्टर आला असता, जे खरंच आहे.

गावच्या रस्त्यानं तं ती पोट घासतच जाते पण कारंज्याहून समृद्धीवर चढलो का मग मजा. आता प्रॉब्लेम असा का सकाळी सहाले गाडी मस्त पळते अन् दुपारी दोन वाजता तीच गाडी मेल्यासारखी, अॅक्सिलेटर दाबला तं आवाज येते पण ओढ नाही. नागपुरात एकानं सांगतलं का सुपरचार्जरची लहान पुली लावू, रिमॅप मारू म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलू, २०० एचपीच्या वर जाईन. कापसाचा चुकारा हातात आहे, करू का नको?

तेरा_चौदाचा_पाना

भाऊ पुलीचं गणित तुमच्या गावच्या पिठाच्या चक्कीसारखंच आहे. चक्कीवरची पुली लहान केली का जातं जोरात फिरते, तसंच इथं पट्टा इंजिनच्या क्रँकवरून येते अन् सुपरचार्जरचे दोन रोटर फिरवते, ते हवा ढकलतात इंजिनात. पुली १० टक्के लहान केली तं रोटर ११ टक्के जोरात फिरतीन, हवा जास्त, पेट्रोल जास्त, पॉवर जास्त. एवढं सोपं वाटते.

पण हा रूट्स टाइपचा चार्जर, हवा ढकलता ढकलता तिले तापवते बी. जेवढा जोरात फिरवसान तेवढी हवा गरम, अन् त्याले फिरवाले लागणारी ताकद बी तुमच्याच इंजिनातून जाते, टर्बोसारखं सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरावर नाही चालत ते. हवा गरम झाली का इंजिन नॉक करते म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून ठोके पडतात, नॉक सेन्सर सांगते, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठिणगीची टायमिंग मागं घेते, अन् तुम्हाले वाटते ओढ गेली. म्हणजे तुमची दुपारची बिमारी आहे तीच पुली लावून वाढणार.

इंजिन तसं सहन करू शकते, हे मान्य. याच १.८ लिटरमधून कंपनीनं मर्सिडीजच्याच सी १८० ले १४३, तुमच्या गाडीले १६३ अन् सी २३० ले १९२ एचपी काढले होते. पण ते नवीन इंजिन होतं, तुमचं वीस वर्षांचं. या इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्वचे कॅम फिरवणारी साखळी, लांबते अन् कॅमचे दाते घासतात हे सगळ्याच मेकॅनिकले माहीत आहे. थंड इंजिन चालू करताना दोन-चार सेकंद खडखड येते का ते आधी सांगा, येत असन तं पुलीचे पैसे चेनमध्येच जातीन.

खड्डेभूषण

बावा दारव्हा रोडवर १६३ चे २०० करून काय करशीन, खड्ड्यात दोन सेकंद आधी पडशीन 😂

कोळसानगरी

मी चंद्रपूरची, आमच्याकडे मे महिन्यात ४६ म्हणजे नेहमीचंच, त्यामुळे हा विषय जवळचा. साधा हिशोब बघा, २५ डिग्रीच्या हवेपेक्षा ४६ डिग्रीची हवा साधारण ७ टक्के विरळ असते, म्हणजे १६३ मधले ११ घोडे नुसत्या उन्हानेच खाल्ले, आणि सुपरचार्जर तापवतो ते वेगळं. पण दादा, "मेल्यासारखी" हे ७ टक्क्यांचं काम वाटत नाही मला. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा) घ्या, मोबाईलला जोडा, आणि दुपारी पळवताना इनटेक एअर टेंपरेचर म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान बघा. मग बंपर काढून पुढचा इंटरकूलर, म्हणजे चार्जरची गरम हवा थंड करणारा, तो बघा, त्याच्या जाळीतून हवा आरपार जाते का. ब्रीदरचे (इंजिनातली वाफ परत आत नेणारे) रबरी पाइप पण बघा, तडकले असतील तर हवेचा हिशोब चुकतो.

पेट्रोलचं पण बोलते. रिमॅप ९५ च्या वर ऑक्टेन (पेट्रोलची नॉक रोखायची ताकद) धरून केला आणि गावाकडे साधंच मिळालं तर नॉक ठरलेलंच. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, शुद्ध इथेनॉल जळायला हवा कमी लागते, पेट्रोलच्या १४.७ ला १ ऐवजी साधारण ९ ला १, म्हणजे इंजेक्टरला जास्त पेट्रोल सोडावं लागतं, आणि पुली लावून वर अजून जास्त. जुन्या गाडीचे रबर एवढ्या इथेनॉलसाठी बनलेलेच नाहीत.

मळणीयंत्र_९८

माई बरोबर बोलली. म्या दुसऱ्या एका गाडीले रिमॅप मारला होता, चूक मायीच होती, भारी पेट्रोलचा मॅप अन् टाकीत साधं, वरून दुपारी तीनले फुल लोड. पिस्टनची रिंगची जागा तुटली. हेड खोललं तवा मेकॅनिक काई बोललाच नाही, नुसता चहा मागवला. अन् इन्शुरन्सवाल्याले सांगतल्याशिवाय मॉडिफिकेशन करू नका, क्लेमच्या टायमाले तेच काढतात. टायरची तारीख पाहा आधी, समृद्धीचं तापलेलं काँक्रीट अन् जुनं टायर, त्यापेक्षा पॉवर कमी बरी.

रुईवाला_दारव्हा

मंडळी, बंपर काढला. आता सांगाले लाज वाटते पण सांगतो. गाडी ठेवतो तो शेड जिनिंगच्या बाजूलेच आहे, इंटरकूलरच्या जाळीत रुई बसली होती, वरून धूळ अन् तेल, गादीसारखा थर, हातानं सोलून काढला. एक छोटी गादी भरली असती लेकाची. ब्रीदरचा पाइप बी एका जागी चिरलेला, तो बदलला. इनटेकचं टेंपरेचर पहिले दुपारी ७४ दाखवे, आता त्याच रस्त्यावर ५८. अन् ओढ अशी आली का बाबूजी बाजूले बसले होते ते म्हणे "हळू रे", जे आजवर म्हणले नव्हते.

टायर २०१७ चे निघाले, ते आधी बदलतो. पुली सध्या नाही. पण पाना भाऊ, ते खडखडीचं तुम्ही म्हणलं तवापासून मले रोज सकाळी काई ना काई ऐकू येते, खरं का भास समजत नाही. उद्या बोनेट उघडं ठेवून चालू करतो अन् मोबाईलवर रेकॉर्डिंग टाकतो, ऐकून सांगजा.