इंग्लंडमध्ये एमएसडब्ल्यूवर ‘सोशल वर्कर’ म्हणून काम करता येतं का?

मीनल_व:
भारतात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं, मग काही वर्षं एका बालगृहात केस वर्कर होते. आता नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडात आलेय. एक एजन्सी केअर असिस्टंट म्हणून घ्यायला तयार आहे. तिथली बाई म्हणते, “सीव्हीवर सरळ सोशल वर्कर लिहा, वजन पडतं.” ओळखीच्या एक ताई म्हणतात, नोंदणी नसताना लिहिलं तर गुन्हा. खरं काय? आणि नोंदणीसाठी परीक्षा असते का?

कौन्सिलवाली:
ताईंचं ऐका, एजन्सीचं नको. ‘सोशल वर्कर’ हे पदनाम इथे २००५ पासून कायद्याने राखीव आहे. नोंदणी नसताना ते लावून लोकांची दिशाभूल करणं गुन्हाच. भारतातला अनुभव जरूर लिहा, पण देश, संस्था आणि हुद्दा जसा होता तसा. शेजारी ‘इंग्लंडमध्ये अद्याप नोंदणी नाही’ हेही लिहून टाका.

नोंदणी ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नियामक संस्थेकडे. डिसेंबर २०१९ पासून हे काम त्यांच्याकडे आहे, त्याआधी एचसीपीसी या दुसऱ्या नियामक संस्थेकडे होतं. लेखी परीक्षा नाही. तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या निकषांत बसतो का, इंग्रजी पुरेसं आहे का, अलीकडे काम केलंय का, हे कागदांवरून तपासतात. म्हणजे खरी परीक्षा तुमच्या विद्यापीठाच्या खिडकीवर! नुसती मार्कशीट पुरत नाही, अभ्यासक्रमाचा तपशील आणि फील्डवर्क कुठे, किती, कोणाच्या देखरेखीखाली झालं ते लागतं. त्यासाठी विद्यापीठात आजच अर्ज टाका.

वेल्सकर:
केअर असिस्टंटचं काम कमी लेखू नका हो. इंग्लंडात या कामाला वैयक्तिक नोंदणी नाही, तपासणी होते ती संस्थेची, सीक्यूसी या काळजी-सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेकडून. आमच्याकडे वेल्समध्ये घरोघरी जाऊन काळजी घेणाऱ्यांनाही २०२० पासून ‘सोशल केअर वेल्स’कडे नोंदणी बंधनकारक आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची रजिस्टरं आणखी वेगळी. उद्या घर बदललंत तर हे लक्षात असू द्या.

स्पष्टबोल्या:
शेवटी काय, फी भरा आणि नाव चढवा. त्याने माणूस चांगला थोडाच होतो?

कौन्सिलवाली:
@स्पष्टबोल्या, नाही होत. पण वाईट वागला तर त्याला जाब विचारायला जागा असते. रजिस्टर सगळ्यांना खुलं आहे. माझ्याकडे येणारी कुठलीही आई फोनवर माझं नाव टाकून बघू शकते, आणि बघतातही! तक्रार गंभीर निघाली तर इशारा, कामावर अटी, निलंबन, शेवटी नाव काढणं, इथवर जातं. आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुणीही समाजसेवक होतो, त्याला कोण विचारतं?

आणि फी भरून सुटका नाही. दरवर्षी १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर नूतनीकरण असतं, त्यासाठी वर्षभरात काय शिकलो याच्या किमान दोन नोंदी कराव्या लागतात, त्यातली एक सहकाऱ्याशी चर्चा करून.

मीनलताई, तुम्ही मुलांमध्ये काम केलंय म्हणून सांगते. सोशल वर्क इंग्लंडची व्यावसायिक मानकं सहा आहेत आणि ती ‘मी अमुक करेन’ अशा भाषेत लिहिलीत. रोज गाठ पडते तिसऱ्याशी, आपल्या निर्णयांची जबाबदारी. निर्णयापर्यंत कसे आलो ते नोंदीत दिसायला हवं. ‘मुलगा घाबरलेला वाटला’ असं लिहिलंत तर मॅनेजर लगेच विचारणार, कशावरून? त्यापेक्षा ‘रात्री कुठे झोपतोस विचारल्यावर आईकडे पाहिलं, उत्तर दिलं नाही, बाहीचं टोक चावत राहिला’ असं लिहा. तुमचा अंदाज खाली, वेगळ्या ओळीत. पुढे कोर्टात ती फाइल वकील उघडतो. आणि तोच मुलगा मोठा झाल्यावर स्वतःची फाइल मागवून वाचू शकतो, हे मी नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगते.

मीनल_व:
सगळ्यांचे आभार. एजन्सीला कळवलं, केअर असिस्टंट म्हणून येईन, सीव्ही आहे तसाच राहील. विद्यापीठाला मेल गेली. अडचण एकच: आमच्या फील्डवर्कच्या डायऱ्या कॉलेजने परत दिल्याच नाहीत आणि पर्यवेक्षक बाई निवृत्त झाल्यात. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र चालतं का? कुणी असं दिलंय?

कौन्सिलवाली:
नोंदणीचा अर्ज करायच्या आधी सोशल वर्क इंग्लंडलाच लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. आणि बाईंचा नंबर शोधा. निवृत्त झाल्या म्हणून सही विसरल्या नसतील.